वरून बघितलेली जमीन आणि जवळ गेल्यावर दिसणारी माणसं: साची गॅलरीतलं बर्टिन्स्की प्रदर्शन

लंडनच्या साची गॅलरीत २०२४ मध्ये एडवर्ड बर्टिन्स्की या कॅनडाच्या छायाचित्रकाराचं 'एक्स्ट्रॅक्शन/अ‍ॅब्स्ट्रॅक्शन' हे प्रदर्शन लागलं होतं. १४ फेब्रुवारीला उघडलं, ६ मे पर्यंत होतं. इकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी ते चुकवू नये असं मला तेव्हा मनापासून वाटलं. का वाटलं ते सविस्तर लिहितो, कारण नुसतं 'फोटो भारी होते' म्हणून काहीच सांगून होत नाही.

आधी माझ्याविषयी दोन गोष्टी, म्हणजे मी कुठून बघतोय ते कळेल. मी सर्व्हेअर आहे. खाणी, भराव, रस्त्यांची कामं यांवर ड्रोन उडवायचा, वरून घेतलेले शेकडो फोटो जोडून जागेचा नकाशा बनवायचा आणि महिन्याभरात किती दगड निघाला, किती माती पडली याचा हिशेब द्यायचा, हे माझं रोजचं काम. दुसरी गोष्ट, मी उरणचा. आमच्या घरातल्या माणसांनी मिठागरात आयुष्य काढलं. आई तेव्हा माझ्याकडे आली होती. तिला सोबत घेऊन गेलो, आणि त्यामुळे हे प्रदर्शन मी एकट्याने बघितलं असतं त्याहून फार वेगळं बघितलं गेलं.

मार्क मायर यांनी हे प्रदर्शन रचलं. ते पूर्वी कॅनडाच्या नॅशनल गॅलरीचे संचालक होते. ९४ मोठी छायाचित्रं, १३ भिंतभर म्युरल्स, एक फिल्म, आणि कॅमेऱ्यांसाठी वेगळी जागा, असा सगळा पसारा होता. चाळीसेक वर्षांचं काम एका छताखाली आलं होतं. मांडणी काळानुसार नाही, विषयानुसार होती: अमूर्त दिसणारी चित्रं, खाणकाम, शेती, कारखाने आणि बांधकाम, कचरा. हे बरं केलं. काळानुसार लावलं असतं तर आपण छायाचित्रकाराचं आयुष्य बघत बसलो असतो. इथे जमिनीचं काय झालं ते बघितलं.

तरी त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट ठाऊक असलेली बरी. बर्टिन्स्कींचे आईवडील १९५१ मध्ये युक्रेनमधून कॅनडात आले आणि ऑन्टारियोतल्या सेंट कॅथरिन्स या गावी वडील जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागले. मुलाचा जन्म १९५५ चा. पुढे तोही शिकता शिकता कारखान्यात राबला. म्हणजे यंत्र, तेल, पाळ्या, भोंगा हे त्यांनी लहानपणापासून घरात बघितलेलं. सुरुवातीला ते निसर्गाचे फोटो काढायचे. मग अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात गाडी चालवताना रस्ता चुकून ते फ्रॅकव्हिल नावाच्या कोळशाच्या गावी पोहोचले. चहूबाजूंनी खाणीच्या काळ्या राशी, माणसाने हात लावला नाही अशी जागाच उरलेली नाही. तिथून पुढे त्यांनी हाच विषय धरला आणि सोडला नाही.

पहिल्या दालनात शिरलं की फोटो आहे की चित्र, हे कळायला वेळ लागायचा. स्पेनमधल्या मोनेग्रोस भागातली कोरडवाहू शेती बघा, २०१० साली टिपलेली. करडे, राखाडी, पांढुरके तुकडे, त्यांना वळणावळणाच्या काळ्या रेघा. क्षितिज नाही, आकाश नाही, सावली जवळजवळ नाही. एक मराठी गृहस्थ शेजारी उभे होते, ते बायकोला म्हणाले, "हे तर गायतोंड्यांसारखं वाटतंय." बरोबरच म्हणाले. पण फरक असा, की गायतोंडे या अमूर्त चित्रकाराच्या चित्रात रंगामागे एखादं गाव, एखादं शेत शोधायचं नसतं. इथे ते शोधावंच लागतं. त्या करड्या तुकड्याला मालक आहे, त्यात गहू किंवा बार्ली होते, आणि त्या काळ्या रेघा म्हणजे पावसाच्या पाण्याने हजारो वर्षं कापलेल्या घळी आहेत.

माझ्या कामातली एक सवय इथे फार उपयोगी पडली. ड्रोनच्या फोटोत क्षितिज नसलं की आकाराचा अंदाज पार जातो. मातीचा ढीग घराएवढा आहे की गुडघ्याएवढा, सांगता येत नाही. म्हणून आम्ही उडवण्याआधी जमिनीवर काळ्यापांढऱ्या चौकड्यांच्या खुणा ठेवतो, त्यांची मापं नक्की माहीत असतात. बर्टिन्स्कींच्या फोटोत अशी खूण ठेवलेली नसते, पण ती बहुतेक फोटोंत सापडते. एखादा डंपर, पिकअप गाडी, पायवाट, पाइप, माणूस. प्रिंट दीड-दोन मीटरचे आहेत आणि तपशील इतका धारदार आहे की नाक लावलं तरी फुटत नाही. तेव्हा माझा सल्ला असा: लांबून बघून 'वा' म्हणून झालं की पुढे जाऊ नका. जवळ जा आणि आधी गाडी किंवा माणूस शोधा. तो सापडला की सबंध चित्राचं माप एकदम बदलतं आणि पोटात गोळा येतो.

आता मिठाकडे येतो. या प्रदर्शनातला माझ्यासाठी सगळ्यात मोलाचा भाग तोच.

सेनेगलमधल्या नाग्लू साम साम गावाजवळची मिठागरं बर्टिन्स्कींनी २०१९ मध्ये वरून टिपली. एकाला एक लागून असंख्य खड्डे, एकही दुसऱ्यासारखा नाही. कुठे हिरवं पाणी, कुठे तपकिरी, कुठे गंजासारखं लाल, कुठे पांढरं साय धरल्यासारखं. लोक त्यासमोर उभे राहून रंगांचं कौतुक करत होते, आणि रंग खरोखरच कौतुक करण्यासारखे आहेत. आई मात्र बराच वेळ काही बोललीच नाही. मग चष्मा पुसून पुन्हा लावला आणि बोटाने हवेतच दाखवत म्हणाली, "यो पानी लाल झायलाय बघ. यात मीठ बसाला आयलंय. ते हिरवं, त्याला अजून टाइम हाय."

ती चित्र बघत नव्हती, कामाची पाहणी करत होती. कुठला खड्डा आज ओढायचा, कुठला आठवड्याने, कुठला आत्ताच कोणीतरी ओढून रिकामा केलाय, हे ती एकेक करून सांगत गेली. एका कडेला पांढरे ठिपके होते ते मला नुसते ठिपके वाटले होते. तिने सांगितलं की त्या मिठाच्या राशी आहेत, आणि रास कडेला लावलीय म्हणजे माल न्यायची वाट त्याच बाजूला असणार. वाट होतीच. मी जवळ जाऊन बघितली.

रंगामागचं शास्त्र असं आहे: पाणी आटत जातं तसा खारटपणा वाढतो आणि प्रत्येक टप्प्यावर त्यात वेगळे सूक्ष्म जीव तगतात. अगदी दाट पाण्यात तग धरणारे जीव आणि शैवाल लाल-गुलाबी रंगाचे असतात. म्हणून मीठ धरायच्या बेताला पाणी लाल होतं. आईला जिवाणूंचं नाव माहीत नाही, पण तिला लाल पाण्याचा अर्थ माहीत आहे, आणि सेनेगलमधल्या ज्या माणसांनी ते खड्डे हाताने खणलेत त्यांनाही तो तसाच माहीत असणार.

आमच्याकडे काम दिवाळीनंतर सुरू होई. पावसाने फुटलेले बांध आधी बांधून घ्यायचे. मग उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी आत घ्यायचं, साठवायचं, आणि एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं दाट करत न्यायचं. शेवटच्या वाफ्याचा तळ पायांनी तुडवून तुडवून घट्ट करायचा, नाहीतर मिठात चिखल येतो. ते तुडवणं म्हणजे दिवसभर खाऱ्या चिखलात अनवाणी उभं राहणं. मग फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत लाकडी फळीने मीठ ओढायचं, पाटीत भरायचं, डोक्यावरून राशीला न्यायचं. आईच्या टाचांना अजून भेगा आहेत. इथल्या थंडीत त्या जास्त दुखतात.

बर्टिन्स्कींनी कच्छच्या छोट्या रणातली मिठागरंसुद्धा २०१६ मध्ये टिपली आहेत आणि त्यांची वेगळी मालिका केली आहे. तिथलं तंत्र आमच्यापेक्षा निराळं. समुद्राचं पाणी भरतीने येत नाही; जमिनीखालचं खारं पाणी विहिरी खणून पंपाने वर काढतात. पावसाळ्यात रण पाण्याखाली जातं, ते ओसरलं की अगरिया कुटुंबं मुलाबाळांसह तिथे जाऊन राहतात आणि उन्हाळ्यापर्यंत मीठ पिकवतात. ते फोटो बघितलेत तर दिसतं की वाफ्यांच्या रेषा पट्टीने आखल्यासारख्या सरळ आहेत आणि त्यांच्यामधून गाडीच्या चाकांची वळणं गेली आहेत. सेनेगलचे खड्डे असे सरळ नाहीत. जिथे हाताने खणतात तिथे जमीन सांगेल तसा खड्डा पडतो.

आणि उरण? आमची बरीचशी मिठागरं आता भरावाखाली आहेत. १९८९ मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झालं. त्याआधी १९८४ च्या जानेवारीत जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झालं, त्यात पाच जण गोळीबारात गेले. आमच्याकडे हे कोणाला सांगावं लागत नाही. आज तिथे कंटेनरांच्या रांगा आहेत, वरून बघितल्या तर लाल-निळ्या-हिरव्या, सुंदर. बर्टिन्स्की तिथे गेले तर उत्तम फोटो निघेल. मी स्वतः भरावाचे हिशेब करून पोट भरतो, म्हणून सांगतो: भरावाच्या फोटोत खाली काय होतं ते कधीच दिसत नाही. ते ज्यांनी बघितलंय त्यांना विचारावं लागतं.

माझा या प्रदर्शनाशी जो काही वाद आहे तो इथे आहे. फोटोच्या खालची पाटी एका अर्थाने आदर्श आहे: विषय, क्रमांक, गाव, देश, साल. सर्व्हेअरला याहून काय हवं? जागा लपवलेली नाही, 'आफ्रिकेत कुठेतरी' असं मोघम लिहिलेलं नाही. दालनाच्या तोंडाशी असलेल्या मजकुरातून काय काढतात, कशासाठी काढतात ते कळतं. पण त्या खड्ड्यांमध्ये कोण उतरतं, त्याला मिठाच्या एका पाटीमागे काय मिळतं, पाय सोलले तर तो काय लावतो, हे भिंतीवर येत नाही. बर्टिन्स्की म्हणत आले आहेत की त्यांना आरोप करायचा नाही, दाखवायचंय. मला ते पटतं. आरोपांच्या पाट्या लावल्या असत्या तर लोक पाट्या वाचून निघून गेले असते. पण काम करणाऱ्याला नाव देणं हा आरोप नाही. दाखवण्याचाच तो भाग आहे.

खाणकामाच्या दालनात रशियातल्या बेरेझ्निकीची पोटॅशची खाण होती, २०१७ सालची. हा फोटो वरून नाही, जमिनीखालून आहे. मिश्रखत आणि म्युरिएट ऑफ पोटॅशची पोती ज्यांच्या घरी येतात त्यांनी तर तो बघावाच. यंत्राच्या फिरत्या दातांनी भिंतीवर शंखासारखी वर्तुळं कोरली गेली आहेत आणि त्यातून लाल-पांढरे पट्टे लाटांसारखे वळत गेलेत. हे पट्टे म्हणजे सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचे थर. मिठागरच आहे ते, फक्त कोणी बांध न घातलेलं. आईला हे सांगितल्यावर तिने भिंतीतल्या लाल पट्ट्याकडे बोट केलं. मी म्हटलं हो, इथेही क्षारच, फक्त रंग लोहाचा.

भारतात पोटॅश जवळजवळ निघत नाही, लागतं ते बहुतेक सगळं बाहेरून येतं, आणि रशिया हा त्यातला एक मोठा पुरवठादार. म्हणजे कोल्हापूरच्या उसाला आणि जळगावच्या केळीला घातलेल्या पोत्यात अशा एखाद्या भिंतीचा तुकडा असू शकतो. आणि त्या गावाचं काय झालं? १९८६ मध्ये आणि पुन्हा २००६ मध्ये बेरेझ्निकीच्या खाणींत पाणी शिरलं. क्षारांचे खांब विरघळले. जमीन खचून अजस्र खड्डे पडले, शहराचा भाग हलवावा लागला. फोटोत यातलं काही नाही, फोटोत फक्त ती नितांतसुंदर भिंत आहे. म्हणून हे इथे लिहून ठेवतो, बघताना माहीत असावं.

कॅनडातल्या सडबरीचा १९९६ चा फोटो तुम्ही बहुधा आधी कुठेतरी पाहिला असेल: काळ्या जमिनीतून वाहणारी पेटलेली केशरी नदी. लाव्हा वाटतो. तो निकेलच्या खनिजातून निकेल काढून घेतल्यावर उरलेला गाळ आहे. त्यातलं लोखंड हवा-पाण्याने गंजतं म्हणून तो रंग. छोट्या पडद्यावर तो फोटो दिखाऊ वाटतो. भिंतीवर मोठा बघितल्यावर काठाशी उभी असलेली निष्पर्ण झाडं दिसतात आणि दिखाऊपणा उतरतो.

जर्मनीतल्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियाच्या लिग्नाइट म्हणजे तपकिरी कोळशाच्या खाणीपाशी फार थांबलो नाही, कारण यंत्रं मला रोज दिसतात. पण लहान मुलांना दाखवण्यासारखा तो फोटो होता. त्या भागातल्या हांबाख खाणीत चालणारं चाकावरच्या बादल्यांचं यंत्र ९६ मीटर उंच आहे आणि दिवसाला दोन लाख चाळीस हजार घनमीटर माती उचलू शकतं. ते चालवायला पाच माणसं लागतात. पाच.

चीनमधला कोंबडी कापण्याचा कारखाना, गुलाबी कपड्यांतल्या कामगारांच्या न संपणाऱ्या रांगा, हा २००५ चा फोटो प्रसिद्धच आहे. नैरोबीच्या दांदोरा कचराभूमीतलं प्लास्टिकही. दोन्ही ताकदीचे आहेत, पण त्यांविषयी पुष्कळ लिहिलं गेलंय, मी भर काय घालणार.

त्याऐवजी चितगावविषयी लिहितो. बांगलादेशातल्या जहाजफोडीचे फोटो बर्टिन्स्कींनी २००० च्या सुमारास काढले, तेव्हा ड्रोन नव्हते. मोठ्या फिल्मचा जड कॅमेरा तिपाईवर लावून, चिखलात उभं राहून ते टिपलेत. जहाजाचा कापलेला पुढचा भाग कड्यासारखा उभा, आणि त्याच्या पायथ्याशी माणसं. माणसांना इथे चेहरे आहेत. काहींनी कॅमेऱ्याकडे बघितलंय. पाय अनवाणी, गुडघ्यापर्यंत काळा गाळ. मुंबईत रे रोडजवळ दारूखान्याच्या जहाजफोडीच्या भागात ज्यांचं जाणंयेणं आहे त्यांना हा देखावा ओळखीचा वाटेल. पद्धतही तीच: उधाणाच्या भरतीला जहाज किनाऱ्यावर चढवायचं, ओहोटीला ते चिखलात बसतं, मग गॅस कटर घेऊन माणसं चढतात. आईला तो फोटो बघून राहवलं नाही. "यांच्या पायात काय नाय," एवढंच म्हणाली आणि तिथेच उभी राहिली.

सगळं पाहून माझं मत झालं ते असं: बर्टिन्स्कींचं सर्वांत मोठं काम कॅमेरा जमिनीवर होता तेव्हाचं आहे. चितगाव आणि त्या काळातल्या दगडखाणी. कॅमेरा हेलिकॉप्टरमधून आणि मग ड्रोनने वर गेला तसं चित्र अधिक देखणं झालं, जमिनीवरच्या जखमेचा संपूर्ण आकार पहिल्यांदा कळला, आणि तो कळणं आवश्यकच होतं. खाणीच्या काठावर उभं राहून खाण कधीच पूर्ण दिसत नाही, हे मी कामाच्या अनुभवावरून सांगतो. पण माणूस ठिपका झाला. ही दोन्ही कामं एकाच इमारतीत होती हे या प्रदर्शनाचं मोठं देणं. चितगावचे फोटो बघून पुन्हा सेनेगलचे बघा. मग ठिपका शोधायला डोळे आपोआप जातात.

कॅमेऱ्यांच्या दालनात माझा वेळ फार गेला. जुन्या लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्यापासून डिजिटल आणि ड्रोनपर्यंतची सगळी हत्यारं मांडली होती. छायाचित्रणाची आवड असलेल्यांनी घाईत उरकावं असं ते दालन नव्हतं. एक बारकावा सांगतो, जो तिथे उभं राहून लक्षात आला. बर्टिन्स्कींना कडक ऊन नको असतं. ढगाळ, सपाट उजेड हवा असतो, म्हणजे काळ्या सावल्या पडत नाहीत आणि खाणीच्या तळापासून कड्यापर्यंत सगळं सारख्या तपशिलाने येतं. आम्हीही सर्व्हेसाठी तोच उजेड पकडतो, त्याच कारणासाठी: सावलीत माप हरवतं. या सपाट उजेडामुळेच त्यांच्या फोटोंत नाट्य उजेडाचं नसतं, जमिनीचं असतं. संध्याकाळच्या सोनेरी उन्हातले निसर्गफोटो बघायची ज्यांना सवय आहे त्यांना पहिल्यांदा हे कोरडं वाटेल. थोडा वेळ द्या.

म्युरल्स म्हणजे अनेक फोटो जोडून केलेली भिंतभर चित्रं. जोडणीचं काम मी रोज करतो, म्हणून सांधे शोधायचा प्रयत्न केला. सापडले नाहीत. इतकं निर्दोष काम मी पाहिलेलं नाही. काराराच्या संगमरवरी खाणी अशा आकारात बघताना कापलेल्या पायऱ्यांवर आपणच उभे आहोत असं वाटतं.

फिल्मचं नाव 'इन द वेक ऑफ प्रोग्रेस'. २०२२ मध्ये टोरोंटोच्या लुमिनाटो महोत्सवात ती भर चौकातल्या जाहिरातींच्या पडद्यांवर दाखवली होती. निर्मितीत बॉब एझ्रिन, संगीत फिल स्ट्राँग यांचं, आवाज इस्क्वे या आदिवासी वंशाच्या कॅनेडियन गायिकेचा. जुन्या जंगलापासून सुरुवात होते आणि मग तोडलेली झाडं, खाणी, कारखाने, शहरं, कचरा असा प्रवाह वाढत जातो. अर्ध्या तासाच्या आत संपते. पडदे मोठे होते, आवाज अंगावर येत होता, आणि दालनातले लोक गप्प होऊन बघत होते. मलाही ती भिडली. पण संगीत सतत सांगत राहतं की आता घाबरा, आता हळहळा. मला तिथे त्या जागांचे आवाज ऐकायचे होते. बादल्यांच्या यंत्राचा घरघराट, कटरचा फुत्कार, फळीने मीठ ओढताना होणारी खरखर. आवाज ही एकच गोष्ट आहे जी फोटो देऊ शकत नाही आणि फिल्म देऊ शकते.

फिल्मने काय साधतं याचा उत्तम नमुना त्यांच्याच कामावर आधी झालेला आहे. जेनिफर बाइचवाल यांनी २००६ मध्ये केलेल्या 'मॅन्युफॅक्चर्ड लँडस्केप्स' या माहितीपटाची सुरुवात आठवा: चीनमधल्या एका कारखान्यात कॅमेरा आडवा सरकत राहतो, जवळजवळ आठ मिनिटं, रांगेमागून रांग, कामगारामागून कामगार. कोणी मान वर करून बघतं, कोणी बघत नाही. संथपणे सरकणाऱ्या त्या कॅमेऱ्याने जे सांगितलं ते मोठ्या पडद्यांना आणि चढत्या तालाला जमलेलं नाही. ज्यांना तो माहितीपट मिळवता येईल त्यांनी बघून घ्यावा, निदान त्याची सुरुवात.

साची गॅलरीत कधी जाणाऱ्यांसाठी थोडं. डिस्ट्रिक्ट किंवा सर्कल लाइनने स्लोन स्क्वेअरला उतरा. उतरल्यावर फलाटावर मान वर करून बघा: एक जाडजूड लोखंडी नळ रुळांच्या वरून आडवा गेलाय. त्यातून वेस्टबोर्न नदी वाहते. रेल्वे बांधताना मधे आली म्हणून तिला नळात घातली. या प्रदर्शनाला जाताना याहून योग्य प्रवेशद्वार नव्हतं. तिथून गॅलरी किंग्ज रोडवर चालत पाच मिनिटांवर, सैनिकांच्या मुलांसाठी दोनशे वर्षांपूर्वी बांधलेल्या इमारतीत.

आत गेल्यावर मी सांगितला असता तो क्रम असा: आधी कॅमेऱ्यांचं दालन, मग जहाजफोडी, मग खाणी, आणि अमूर्त चित्रांचं पहिलं दालन शेवटी. मांडणी उलटी झाली असती खरी, पण माणसं बघून झाल्यावर रंग बघितलेले बरे. फिल्म मधेच कुठेतरी, शेवटाला नको. शेतीची, मिठाची, दगडाची, गोदीची माहिती असलेलं घरातलं वडीलधारं माणूस इकडे आलेलं असेल तर अशा प्रदर्शनाला त्यांना न्याच. त्यांना कला कळत नाही असं मनात आणू नका. त्यांच्यासाठी चाकांची खुर्ची लागणार असेल तर गॅलरीला आधी कळवा.

लंडननंतर २१ जून २०२४ पासून हेच प्रदर्शन इटलीत व्हेनिसजवळच्या मेस्त्रेला, एम नाइन या विसाव्या शतकाच्या संग्रहालयात गेलं आणि तिथे १२ जानेवारी २०२५ पर्यंत होतं.